दहशतवादी हल्ला 'युद्ध' कधी ठरतो? कायद्याच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

परीक्षेत किंवा मूट कोर्टात (सरावाच्या नकली खटल्यात) हा प्रश्न आला की बरीच उत्तरं पहिल्याच पानावर घसरतात. देशातला फौजदारी गुन्हा आणि दोन देशांमधला बळाचा वापर यांची सरमिसळ होते. म्हणून कच्च्या कागदावर आधी दोन रकाने आखा.

पहिल्या रकान्यात भारतीय दंड संहितेचं कलम १२१, म्हणजे भारत सरकारविरुद्ध युद्ध पुकारणं. भारतीय न्याय संहितेत ते आता कलम १४७ आहे. २६/११ च्या खटल्यात कसाब या कलमाखालीही दोषी ठरला आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी ते कायम ठेवलं. कलमात 'जो कोणी' असल्यामुळे परदेशी माणूसही त्यात येतो. मात्र पिंजऱ्यात उभा असतो तो माणूस, त्याचा देश नव्हे. हा निकाल दुसऱ्या रकान्यात पुरावा म्हणून ढकलला की समोरची बाजू तुम्हाला तिथेच पकडते.

दुसरा रकाना संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा. कलम २(४) बळाच्या वापराला मनाई करतं, कलम ५१ 'सशस्त्र हल्ला' झाल्यास स्वसंरक्षणाची मुभा देतं. यानंतर थेट निकाराग्वा विरुद्ध अमेरिका या खटल्यातला आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १९८६ चा निकाल उघडा आणि परिच्छेद १९५ दोनदा वाचा. सीमेपलीकडे सशस्त्र टोळ्या पाठवणं हा सशस्त्र हल्ला ठरू शकतो, पण त्याची व्याप्ती आणि परिणाम नेहमीच्या सीमेवरच्या चकमकीपेक्षा मोठे हवेत. नुसती शस्त्रं किंवा रसद पुरवणं बेकायदा असलं तरी ते 'सशस्त्र हल्ल्या'च्या पातळीला पोहोचत नाही. टोळीच्या कृत्याची जबाबदारी देशावर टाकायची तर त्या विशिष्ट कारवाईवर त्या देशाचं 'परिणामकारक नियंत्रण' दाखवावं लागतं (परिच्छेद ११५). पाकिस्तानविषयीचे बहुतेक युक्तिवाद इथेच अडकतात. आश्रय, पैसा, प्रशिक्षण याबद्दल पानंच्या पानं लिहिली जातात, पण त्या दिवशीच्या हल्ल्याचा आदेश कोणी दिला यावर एक ओळही नसते.

मग दुसरी वाट: देशाचा हात सिद्ध न करता टोळीचा हल्लाच 'सशस्त्र हल्ला' मानायचा. अमेरिकेवरच्या ९/११ च्या हल्ल्यानंतर सुरक्षा परिषदेच्या १२ सप्टेंबर २००१ च्या ठराव क्रमांक १३६८ ने स्वसंरक्षणाच्या हक्काचा उल्लेख केला, आणि हल्लेखोर तर कुठल्याच देशाचे सैनिक नव्हते. इस्रायलने पॅलेस्टिनी भूभागात बांधलेल्या भिंतीविषयीच्या २००४ च्या सल्लागार मतात मात्र आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कलम ५१ चा संबंध देशाने केलेल्या हल्ल्याशी जोडला. 'यजमान देश टोळीला आवरू इच्छित नाही किंवा आवरू शकत नाही' हा युक्तिवाद अमेरिकेने सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियाबाबतच्या पत्रात वापरला. तो मांडा, पण सर्वमान्य नियम म्हणून नको.

सरकारी निवेदनं शब्दन्‌शब्द वाचा. बालाकोटनंतर, २६ फेब्रुवारी २०१९ ला, परराष्ट्र सचिवांनी 'बिगरलष्करी प्रतिबंधात्मक कारवाई' असं म्हटलं होतं. ७ मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरच्या निवेदनात कारवाई मोजकी, तणाव न वाढवणारी होती आणि पाकिस्तानी लष्करी तळांना हात लावला नाही, असं नमूद होतं. ही वाक्यं स्वसंरक्षणाच्या 'प्रमाणबद्धता' (उत्तर हल्ल्याच्या प्रमाणात आहे का) आणि 'आवश्यकता' (बळ वापरणं गरजेचं होतं का) या कसोट्यांखाली घ्या. बातमीच्या मथळ्यावरून हे काम होत नाही.

पुढचं प्रत्येक दहशतवादी कृत्य युद्ध मानलं जाईल, ही १० मे २०२५ ची सरकारी सूत्रांच्या हवाल्याने आलेली भारताची भूमिका धोरणाच्या परिच्छेदात ठेवा. कायद्याच्या परिच्छेदात टाकलीत तर परीक्षक एवढंच विचारतात, 'कोणत्या कराराचं कोणतं कलम?'