किचनचं काम स्वतः करताना: आधी युनिटं भिंतीवर आखा, मग वायरिंग काढा

किचनच्या नूतनीकरणात सगळ्यात महागात पडणारी चूक एकच असते: वायरिंग आधी उरकणं आणि कॅबिनेटचा विचार नंतर करणं. मग सॉकेट ड्रॉवरच्या मागे दडतं, स्विचबोर्डाचा वरचा भाग हँगिंग कॅबिनेटखाली अडकतो, नाहीतर ओव्हन कोनाड्यातून चार-पाच सेंटिमीटर बाहेर डोकावतो. टाइल्स बसल्यावर यातलं काहीही दुरुस्त करायचं म्हणजे पुन्हा फोडाफोड. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी प्रत्येक युनिट आणि प्रत्येक उपकरण मिलिमीटरमध्ये ठरवा. वायरिंग त्या नकाशातूनच निघतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. आखणी, झिऱ्या मारणं (वायरच्या पाइपसाठी भिंतीत खाचा पाडणं), पाइप टाकणं, युनिटं बसवणं हे नीट शिकून स्वतः करता येतं. नवीन सर्किट टाकणं, मेन बोर्डात जोडणी करणं आणि चाचणी ही कामं परवानाधारक इलेक्ट्रिशियनचीच. भिंत उघडी असताना त्याला एकदा आणि युनिटं बसल्यावर पुन्हा एकदा बोलवायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

एक मीटरची रेघ

उंची मोजायची ती तयार फरशीपासून. जुनी फरशी काढून नवी बसणार असेल, तर थर आणि टाइल मिळून पातळी सहज २० ते ४० मिमी हलते. लेसर किंवा पाण्याच्या नळीने चारही भिंतींवर एकच आडवी रेघ मारा, नियोजित तयार फरशीपासून बरोबर १००० मिमीवर. पुढची सगळी मापं या रेघेपासून वर-खाली घ्यायची. फरशीवरून टेप लावायचा नाही, कारण फरशी कधीच सपाट नसते.

आता युनिटं भिंतीवरच पूर्ण मापात आखा. पाय १५० मिमी, कॅबिनेटची पेटी ७२० मिमी आणि वरचा टॉप ३० मिमी धरला, तर ओटा ९०० मिमीवर येतो. ओटा आणि हँगिंग कॅबिनेट यांत ५५० मिमी अंतर ठेवलं, तर कॅबिनेटचा तळ १४५० मिमीवर. मग ओट्यावरच्या सॉकेटचा मध्य ११०० मिमीच्या आसपास छान बसतो: खाली पाणी उडायला जागा राहते आणि वर प्लग अडत नाही. सिंकच्या कडेपासून सॉकेट आडव्या अंतराने किमान ३०० मिमी लांब हवं. शेगडीच्या थेट वर किंवा मागे सॉकेट घेऊच नका. तिथून वायर लोंबणं म्हणजे ती जळणं.

कोपरा ३-४-५ पद्धतीने तपासा: एका भिंतीवर ९०० मिमी, दुसरीवर १२००, मधलं तिरकं माप १५०० आलं तर काटकोन. येत नसेल तर फरक किती आहे ते आत्ताच नकाशावर लिहून ठेवा.

भार मोजा, मग सर्किटं वाटा

प्रत्येक उपकरणाचे वॉट लिहा. २३० व्होल्टचा पुरवठा असेल तर वॉट भागिले २३० म्हणजे अँपिअर. किटली २००० वॉट, मायक्रोवेव्ह १४०० आणि टोस्टर ९०० एकाच वेळी चालू झाले, तर ४३०० वॉट, म्हणजे जवळजवळ १९ अँपिअर. तिन्ही १६ अँपिअरच्या एकाच एमसीबीवर (भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच) असतील तर तिच्यावर क्षमतेपेक्षा जास्त भार येतो आणि ती ट्रिप होऊ शकते. इथे बरेच जण मोठी एमसीबी टाकून मोकळे होतात, आणि तो सर्वांत धोकादायक उपाय आहे. एमसीबी उपकरणासाठी नसते, वायर वाचवण्यासाठी असते. वायर तीच ठेवून एमसीबी वाढवली की भिंतीच्या आत वायर तापते आणि बाहेर कुणाला कळतही नाही. खरा उपाय म्हणजे ओट्यावरची सॉकेटं दोन सर्किटांत वाटणं.

तांब्याच्या वायरसाठी साधारण हिशोब असा: दिव्यांना १.५ चौरस मिमी, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५, आणि ओट्यात बसणाऱ्या ७००० वॉटच्या विजेच्या शेगडीला, म्हणजे इंडक्शन हॉबला (सुमारे ३० अँपिअर) ६ चौरस मिमी वायर, ३२ अँपिअरची स्वतंत्र एमसीबी. ओव्हन आणि डिशवॉशर यांनाही स्वतंत्र सर्किट. अंतिम आकडा इलेक्ट्रिशियनने वायरची लांबी, पाइपमधली गर्दी आणि स्थानिक नियम बघून ठरवायचा.

सगळ्याच्या वर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) हवीच. फ्रिज शक्य असेल तर वेगळ्या आरसीसीबीवर घ्या, म्हणजे किटलीतल्या बिघाडामुळे रात्रभर फ्रिज बंद राहणार नाही. दोन आरसीसीबी असतील तर दोन्हींचे न्यूट्रल (वीज परत नेणाऱ्या वायरी) शेवटपर्यंत वेगळे ठेवावे लागतात. कुठल्याही एका बॉक्समध्ये ते एकत्र आले की काहीही खराब नसताना ट्रिपिंग सुरू होतं, आणि ती जागा शोधण्यात दिवस जातो.

सॉकेट कुठे नको

बिल्ट-इन ओव्हनचं उदाहरण जवळून बघा. त्याची पेटी साधारण ५४५ मिमी खोल, कोनाडा ५६० मिमी. मागे उरले १५ मिमी. प्लग मात्र सॉकेटमधून ४० मिमी तरी पुढे येतो. म्हणून ओव्हनच्या मागे सॉकेट घेतलं की ओव्हन आत जातच नाही. शिवाय बिघाड झाल्यावर वीज बंद करायला आधी ओव्हनच ओढावा लागतो. सॉकेट शेजारच्या कॅबिनेटमध्ये घ्या, मधल्या पॅनलला प्लग जाईल एवढं भोक पाडा आणि वायर कापली जाऊ नये म्हणून त्यात ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं) बसवा. डिशवॉशरचंही तसंच. त्याचं सॉकेट शेजारच्या सिंक युनिटमध्ये, पण ट्रॅप (सिंकखालचा वाकडा निचरा पाइप) आणि नळाच्या जोडांच्या खाली नाही, बाजूला आणि उंचावर. कॅबिनेटखालच्या एलईडी पट्टीचा ड्रायव्हर (तिला वीज पुरवणारा छोटा डबा) हात पोचेल अशा जागी ठेवा. तो कधीतरी जातोच.

झिऱ्या फक्त उभ्या किंवा आडव्या, सॉकेटच्या सरळ रेषेत. तिरकी झिरी मारून वाचवलेली दोन फूट वायर पुढे कॅबिनेटच्या स्क्रूखाली येते. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा. कॉलम आणि बीमला हात लावायचा नाही. हँगिंग कॅबिनेट ज्या पट्टीवर टांगतात ती रेल जिथे येणार, त्या पट्ट्यात आडवी वायर अजिबात नको.

सॉकेटचा बॉक्स बसवताना टाइल आणि चिकटपदार्थ मिळून १२-१५ मिमी जाडी धरा, म्हणजे बॉक्सची कड टाइलच्या पृष्ठभागाशी येईल. प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, टेप आणि एक मीटरची रेघ फोटोत दिसेल असे. भोक पाडायची वेळ येते तेव्हा हे फोटो कुठल्याही डिटेक्टरपेक्षा जास्त खात्रीचे ठरतात. याच टप्प्यावर इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) इन्सुलेशन आणि सोबत अर्थिंगची सलगता तपासून घ्या.

युनिटं बसवणं

हँगिंग कॅबिनेट आधी. खाली बेस युनिट नसेल तर नीट उभं राहता येतं आणि नव्या ओट्यावर ड्रिल पडत नाही. रेल लेव्हलमध्ये लावा. विटांच्या भिंतीत प्लास्टर सोडून स्क्रूची किमान ५० मिमी पकड हवी. प्लास्टरच १५-२० मिमी जाड असतं, त्यामुळे ५० मिमीचा स्क्रू पुरत नाही, ७०-८० मिमीचा घ्या. भोकातली पूड फुंकून किंवा व्हॅक्यूमने काढा, नाहीतर स्क्रू पकडणारा प्लास्टिकचा प्लग पूर्ण आत जात नाही आणि नुसता फिरतो. पोकळ ब्लॉकमध्ये साधा प्लग टिकत नाही, तिथे जाळीच्या स्लीव्हसह केमिकल अँकर (भोकात रसायन भरून घट्ट बसवलेला बोल्ट) लागतो. जिप्सम बोर्डची भिंत असेल तर बोर्ड लावण्याआधीच रेलच्या उंचीवर आत १८ मिमी प्लायची पट्टी ठोकून ठेवा.

बेस युनिटसाठी फरशीचा सर्वांत उंच बिंदू शोधा आणि उंची तिथून ठरवा. सखल जागेपासून सुरू केलंत तर उंच ठिकाणी पाय आणखी खाली घेता येत नाहीत आणि सगळी रांग पुन्हा उचलावी लागते. सुरुवात कोपऱ्यातून. कोपऱ्यात किमान ५० मिमीची फिलर पट्टी सोडा, नाहीतर एका बाजूचा ड्रॉवर दुसऱ्या बाजूच्या हँडलला अडतो. भिंत वाकडी असेल तिथे शेवटचं पॅनल भिंतीला टेकवून, पेन्सिलने तिचा आकार उतरवून कापा. सिलिकॉनने मोठी फट बुजवायला जाऊ नका.

दोन पेट्या जोडताना घाई नको. समोरच्या कडा बोट फिरवून एका पातळीत आणा आणि लाकडाचे तुकडे मध्ये घालून दोन क्लॅम्पने आवळा. मग ३ मिमीचं भोक पाडून स्क्रू मारा. दोन पॅनल १८-१८ मिमीची असतील तर एकूण ३६ मिमी, तेव्हा स्क्रू ३० मिमीचा. ४० मिमीचा मारला की टोक शेजारच्या कॅबिनेटमध्ये बाहेर येतं. स्क्रू बिजागरीच्या प्लेटजवळ मारला तर झाकला जातो. क्लॅम्प काढल्यावर लेव्हल पुन्हा बघा, आवळताना ती हमखास सरकते.

रांग पूर्ण झाल्यावर दोन मीटरची सरळ पट्टी लांबीत आणि तिरकी ठेवा. पट्टीखाली २ मिमीहून जास्त फट दिसली तर पाय फिरवून दुरुस्त करा. दगडी टॉपची मापं बेस युनिटं पक्की झाल्यावरच द्यायची. पार्टिकल बोर्डाच्या टॉपला सिंक-हॉबची भोकं पाडल्यावर कापलेली प्रत्येक कड सिलिकॉनने भरून घ्या. तिथून पाणी शिरलं की बोर्ड फुगतो आणि पुन्हा बसत नाही. टॉपचा सांधा डिशवॉशरच्या वर येऊ देऊ नका.

दारं सगळ्यात शेवटी. दार वाकडं दिसलं तर बिजागरीशी खेळण्याआधी पेटी काटकोनात आहे का ते बघा. पेटीच मुरडली असेल तर बिजागरीचे स्क्रू कितीही फिरवा, ३ मिमीची फट सारखी येत नाही.

वीज सुरू करण्याआधी उपकरणांचे प्लग काढून आणि एलईडी ड्रायव्हर सुटे करून मेगर पुन्हा लावायला सांगा. पहिल्या चाचणीनंतर भिंतीत डझनावारी स्क्रू गेलेले असतात. मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा, एकेक उपकरण वेगवेगळं चालवा, प्रत्येक एमसीबीवर नाव लिहा. खालची स्कर्टिंग पट्टी क्लिपवर ठेवा, चिकटवू नका. पहिले काही आठवडे ती काढून डिशवॉशर आणि सिंकखाली ओल येते का ते बघत राहायचं आहे.