व्हिलेज शोला केक ठेवायचाय?

इंग्लंडच्या खेड्यात राहायला आलेल्या मराठी मंडळींना कधी ना कधी हुक्की येतेच की यंदा गावच्या शोला, म्हणजे तंबूत भरणाऱ्या घरगुती पदार्थांच्या स्पर्धेला, काहीतरी ठेवावं. जरूर ठेवा, पण आपल्याकडच्या पाककला स्पर्धांचा हिशोब आधी डोक्यातून काढून टाका. तिथे सजावटीला आणि नावीन्याला गुण असतात. इथे सांगितलंय तेवढंच आणि सांगितलंय तसंच करण्याला. मी आमच्या शोला वही घेऊन परीक्षकबाईंच्या मागे फिरते, त्यामुळे गुण कुठे जातात ते जवळून दिसतं.

तेव्हा ओव्हनच्या आधी शेड्यूल, म्हणजे स्पर्धेच्या वर्गांची आणि नियमांची छापील यादी, हातात घ्या. 'चार फ्रूट स्कोन' (मनुका घातलेले छोटे, गोल, पावासारखे केक) असं छापलं असेल तर चारच. पाचवा ठेवलात की ताटलीजवळ चिठ्ठी पडते, 'एन. ए. एस.', म्हणजे शेड्यूलप्रमाणे नाही. चव कितीही फर्मास असो, विषय संपला. काही वर्गांत, म्हणजे स्पर्धेच्या प्रकारांत, सगळ्यांना एकच कृती छापून दिलेली असते. तिच्यात वेलची घालायचा मोह आवरा. प्रवेशअर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी शोच्या काही दिवस आधीच संपते, तीही बघून ठेवा.

खरी चुरस असते व्हिक्टोरिया सँडविचला, म्हणजे मध्ये जॅम लावलेल्या दोन थरांच्या स्पंज केकला. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी 1843 मध्ये बेकिंग पावडर तयार केली आणि असे फुगणारे केक घरोघरी जमू लागले. दिसायला अगदी साधा, म्हणूनच त्यात काही लपत नाही. तीन अंडी कवचासकट वजन करा. जेवढं भरेल तेवढंच लोणी, तेवढीच कॅस्टर शुगर (बारीक दाण्याची साखर), तेवढंच सेल्फ-रेझिंग पीठ (बेकिंग पावडर आधीच मिसळलेला मैदा). लोणी मऊ हवं, वितळलेलं नको. साखर जाड घेतलीत किंवा फेटायचा कंटाळा केलात तर वर बारीक ठिपके उठतात आणि बाईंना ते चष्म्याशिवायही दिसतात. अंडी थोडी थोडी घाला. पीठ घातल्यावर मात्र फेटू नका, हलक्या हाताने मिसळा. मिश्रण 18 सेंटिमीटरच्या दोन टिनांत वजन करूनच वाटा, अंदाजाने नको, कारण दोन्ही थर सारख्या उंचीचे आहेत का हे पहिल्यांदा पाहिलं जातं. 180 अंशांवर, पंख्याच्या ओव्हनमध्ये 160 वर, साधारण 20 ते 25 मिनिटं. ओव्हन जास्त तापला की केकला मधोमध टेंगूळ येतं.

आता जाळीची गोष्ट. गरम केक थेट तारेच्या जाळीवर उलटा टाकलात की वरच्या बाजूला रेघा उमटतात, आणि रेघांचे गुण जातात. जाळीवर स्वच्छ सुती नॅपकिन पसरा. बटर पेपरही टिनाला चुण्या न पाडता लावा, नाहीतर त्या चुण्या केकच्या कडेला उमटतात.

मध्ये फक्त रास्पबेरी जॅम. क्रीम नाही, बटर आयसिंग नाही, स्ट्रॉबेरी तर नाहीच. वर कॅस्टर शुगर भुरभुरवायची, आयसिंग शुगर नाही. हे सगळे दंडक मुख्यतः विमेन्स इन्स्टिट्यूटचे. ही संस्था ब्रिटनमध्ये 1915 साली वेल्समधल्या एका गावातून सुरू झाली, आणि खूपशा परीक्षकबाई याच तालमीतल्या असतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

बाई काय करतात ते सांगते. आधी केक डोळ्यांच्या पातळीवर आणून कडा बघतात. मग उचलून बूड बघतात, ते सगळीकडे एकाच रंगाचं हवं. मग मधून पातळ फोड कापतात, बोटाने हलकेच दाबून ती परत वर येते का पाहतात, वास घेतात आणि शेवटी चिमूटभर तोंडात टाकतात. एवढ्या सगळ्यात चवीची पाळी येते शेवटी!

स्कोनचं तंत्र वेगळं. कटर सरळ खाली दाबा, पिळू नका, नाहीतर स्कोन तिरका फुगतो. अंड्याचा हात फक्त वरून फिरवा. ओघळ बाजूने खाली आला तर तेवढी बाजू चिकटून बसते. डझनभर करा आणि त्यातले जुळ्या भावंडांसारखे चार निवडा. स्कोन शोच्या दिवशी सकाळीच भाजलेले हवेत. शॉर्टब्रेड आदल्या दिवशी चालतं, आणि ते फिकटच काढा, आपल्या नानकटाईला चालतो तसा तांबूस रंग इथे चालत नाही. सुक्या मेव्याचा केक काही आठवडे आधी करून मुरू द्यावा.

काही शोंमध्ये फक्त पुरुषांसाठी एक वर्ग असतो. नवऱ्याला उभं करा, पण हात लावू नका. गावाला कळतं.

ताटली साधी पांढरी घ्या. मांडणीची वेळ सकाळी असते आणि ती संपली की तंबू रिकामा करतात, नंतर पोचलात तर केक परत घरी. बरेच ठिकाणी पहिल्या बक्षिसाचं कार्ड लाल असतं, दुसऱ्याचं निळं. कार्ड नसलं तरी शेजारची चिठ्ठी वाचा, 'थर असमान' असे दोन शब्द पुढच्या वर्षी कामाला येतात. ठरलेल्या वेळेआधी केक उचलता येत नाही आणि तोवर कापलेली बाजू कोरडी पडते, तेव्हा चहाबरोबर खायला घरी दुसरा करून ठेवा.