पचमढीच्या दरीत उतरताना वेळ अशी वाटा

सह्याद्रीतल्या गडांवर आधी चढ, परतीला उतार. मुंबईकरांच्या पायांना तीच सवय. सातपुड्यात, पचमढीच्या वालुकाश्माच्या पठारावर नेमकं उलटं: बी फॉलसारख्या ठिकाणी आधी दरीत उतरायचं आणि दमल्यावर चढायचं.

म्हणून वेळेचे तीन भाग करा. एक उतरायला, दोन चढायला. ३ तास असतील तर तासाभराने, धबधबा समोर दिसत असला तरी मागे फिरा. मन तयार होत नाही, पण फिराच. पाण्याचाही हिशेब तोच. नकाशा पचमढीला जाताना लागणाऱ्या पिपरिया रेल्वे स्टेशनवरच डाउनलोड करा, दरीत रेंजची खात्री नाही.

पावसानंतर मात्र कड्याच्या टोकावर उभं राहू नका. ओला वालुकाश्म कमकुवत होतो, आपल्या सह्याद्रीतल्या बेसॉल्ट खडकाइतका भरवशाचा नसतो.