रायफल घेण्याआधी या चुका टाळा

"सेमी ऑटोमॅटिक पॉइंट टू टू कोणती चांगली?" नाशिकच्या नेमबाजीच्या रेंजवर हल्ली ज्याला त्याला हाच प्रश्न. पॉइंट टू टू म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीची रायफल. विचारणारा अजून एअर रायफल घेऊन धड उभा राहत नसतो, अमेरिकेतले चार व्हिडिओ मात्र तोंडपाठ असतात. रुगर १०/२२ की मार्लिन ६० (दोन्ही अमेरिकी सेमी ऑटोमॅटिक), गोळ्या मॅगझिनमध्ये की नळीत, पटापट कोणती सुटते!

ही तुलनाच चुकीच्या टोकाने सुरू होते. सेमी ऑटोमॅटिकमध्ये गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने बोल्ट, म्हणजे बॅरलचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा, मागे जातो, रिकामी पुंगळी फेकतो आणि पुढची गोळी भरतो. म्हणजे सगळा कारभार गोळीच्या जोरावर. कमी वेगाची गोळी असेल तर बोल्ट कधी कधी पुरता मागे येत नाही, पुंगळी अडकते आणि माणूस रायफलीला शिव्या घालतो. दोन्ही रायफली एकाच डब्यातल्या गोळ्यांवर चालवून पाहिल्या नसतील तर तुमचं मत तुमच्यापाशीच ठेवा. रुगर १९६४ पासून टिकून आहे, वाईट नाहीच. पण तुम्हाला स्पर्धा खेळायची असेल तर ती उपयोगाची नाही. आयएसएसएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ५० मीटर रायफल प्रकारात प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते. नेमबाजीचे धडे नाशकात गिरवलेल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य मिळवलं, ते एकेक गोळी भरूनच.

शिवाय पॉइंट टू टूला परवाना लागतो. शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीणला जिल्हाधिकारी कार्यालय. आधी रायफल पसंत करून मग परवान्यामागे धावू नका. ४.५ मिलिमीटर छर्ऱ्याच्या, २० ज्यूलपर्यंत जोराच्या एअर रायफलला परवाना नको, म्हणून सुरुवात तिच्यावर करा.

परवाना नको म्हणजे तपासणीही नको, असा अर्थ मात्र लोक खुशाल काढतात. सिडकोतल्या एका वडिलांनी मुलासाठी जुनी जर्मन एअर रायफल घेतली, भरपूर घासाघीस करून. बॅरल स्वच्छ, लाकूड चकचकीत. दाबाची हवा भरायच्या सिलिंडरवरची तारीख कोणी वाचलीच नाही. मुलाच्या पहिल्या मोठ्या स्पर्धेत साहित्य तपासणीच्या टेबलावर अधिकाऱ्याने ती वाचली. दहा वर्षांची मुदत कधीच उलटून गेली होती. मुदतीची जबाबदारी खेळाडूचीच असते, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. पोरगं घामाघूम, वडील विकणाऱ्याला फोन लावतायत, तो उचलत नाही. शेवटी दुसऱ्या क्लबच्या एका मुलीने आपला जादा सिलिंडर दिला. कंपनी एकच निघाली म्हणून तो बसला. पुढे नव्या सिलिंडरचं बिल आलं आणि "स्वस्तात मिळाली" हे वाक्य त्या घरातून कायमचं गेलं.

जुनी रायफल हातात आली की मी आधी सिलिंडर काढून तारीख वाचतो, नेम धरून बघणं नंतर. मग २०० बार दाबाचा सिलिंडर असेल तर तेवढा भरून रात्रभर ठेवतो आणि सकाळी दाबाचा काटा पाहतो. भरायचं मात्र सावकाश. घाईने भरलं की हवा तापते, काटा चढलेला दिसतो, गार झाल्यावर उतरतो. लगेच नवखे "लीक आहे, लीक आहे" म्हणून दुकानदाराच्या नावाने बोंब मारतात. दहा मिनिटं थांबवत नाही यांना, आणि म्हणे नेमबाजी करायची!

बाकीच्या चुका थोडक्यात. नाव बघून रायफल घेऊ नका. नेमबाजीचं जॅकेट घालून खांद्याला लावा, बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीकपीस (गाल टेकवायचा भाग) जुळतात का पाहा. वजनं चढवत सुटाल तर एअर रायफलची ५.५ किलोची मर्यादा आहे हे ध्यानात ठेवा. एकाच डब्यातले पेलेट, म्हणजे छर्रे, मारून बॅरलला दोष देऊ नका. ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर, दोन्ही मापांचे आणा, रायफल शिकंज्यात घट्ट धरून मारा, मग बोला.

आणि शिलाई मशीनचं तेल! दाबाची हवा जिथून जाते तिथे साधं तेल गेलं तर सील खराब होतात, प्रसंगी पेटही घेतं. काय लावायचं ते माहीत नसेल तर बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा आणि रायफल पेटीत ठेवून द्या.