कामाचा निरोप समोरच्याला नीट समजला का, हे कसं बघायचं

नागपुरात हिंगणा एमआयडीसी असो, मिहान असो की इतवारीतलं होलसेलचं दुकान, कामात घोळ झाला की पहिलं वाक्य ठरलेलं, "मी तर सांगितलं होतं ना भाऊ". आणि सांगितलेलं असतंच, खोटं कोणीच बोलत नसतं, फक्त समोरच्याच्या डोक्यात काय गेलं ते कोणी तपासलेलं नसतं.

सुरुवात तोंड उघडायच्या आधी. काय करायचं, किती, कुठं, कधीपर्यंत आणि नाही जमलं तर काय, एवढं आधी स्वतःच्या मनात पक्कं करा. शेवटचं तर हमखास राहून जातं. "माल परवापर्यंत वाडीला पाठवून दे" हा निरोप अर्धाच आहे. त्याऐवजी असं लिहा: "बुधवारी १४ तारखेला दुपारी ४ च्या आत वाडीच्या गोडाऊनला ४० बॉक्स पोचले पाहिजे. बुटीबोरीतून गाडी निघाली की मला फोन कर. गाडी मिळत नसेल तर १२ च्या आत सांग, मी दुसरी बघतो." दोन ओळी जास्त झाल्या, पण आता अंदाज लावायला जागाच उरली नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "समजलं ना?" हे विचारणं बंद करा. त्याचं उत्तर नेहमी "हो" च येतं, कारण नवीन पोराला सगळ्यांसमोर "नाही समजलं" म्हणायची लाज वाटते, आणि मध्य प्रदेशातून आलेल्या पोराला तुमचं भरभर मराठी अर्धंच कळलं असेल तरी तो मान डोलावतो. त्यापेक्षा म्हणा, "माझं काही सांगायचं राहिलं का बघतो, तू आता आधी काय करशील ते सांग बरं." आपण त्याची परीक्षा घेऊन रायलो असं वाटायला नको, म्हणून तपासणी आपल्या सांगण्याची आहे असंच बोलायचं. त्यानं चुकीचं सांगितलं तर आवाज चढवू नका, सगळं पुन्हा पहिल्यापासूनही नको, जेवढं चुकलं तेवढंच दुरुस्त करा आणि तेवढंच परत त्याच्या तोंडून ऐका.

हे फालतू वाटत असेल तर स्पेनच्या टेनेरीफ बेटावरचा विमान अपघात आठवा. २७ मार्च १९७७ ला तिथल्या रनवेवर धुक्यात दोन जंबो विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. कारणं बरीच होती, पण एक हे की एका विमानाचा पायलट उड्डाणाला निघाला होता आणि कंट्रोल टॉवरला वाटलं तो जागेवर उभा आहे, आणि टॉवरचं उत्तर सुरू झालं "ओके" नं. त्यानंतर विमानांच्या बोलण्याचे शब्द कडक ठरवले गेले, आणि आज आपल्या सोनेगावच्या विमानतळावरही पायलट टॉवरची परवानगी परत म्हणून दाखवतो. ग्रुपवरच्या "ओके" वर आणि अंगठ्यावर म्हणूनच माझा भरवसा नाही. निळी टिक म्हणजे मेसेज उघडला, बस्स. आणि ग्रुपवर काम टाकायचंच असेल तर नाव घेऊन टाका, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल.

फोनवर आकडे सुटे सुटे बोला. एकोणसाठ की एकोणसत्तर, मशीनच्या आवाजात कोणाला कळणार, "पाच नऊ" म्हणा. फोन झाला की तेच दोन ओळींत लिहून पाठवा. व्हॉइस नोट शक्यतो नकोच, शॉप फ्लोअरवर ती धड ऐकू येत नाही आणि चार दिवसांनी शोधायची म्हटलं तर सापडतही नाही.

आणि निरोप घेणारे तुम्ही असाल, साहेब घाईत असतील, तरी हे सोडू नका. "सर, म्हणजे आधी वर्धा रोडची ऑर्डर, मग कामठीची, बरोबर?" एवढं विचारा, त्यांचं उत्तर ऐका आणि मगच केबिनबाहेर निघा.