बारा जणींची वाकळभिशी: माप, कापड, पार्सल आणि रुसवेफुगवे न होता चालवायची कशी

गेल्या उन्हाळ्यापासून बऱ्याच जणी विचारायल्यात की तुमची ती वाकळभिशी नेमकी चालते कशी, प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाचं सगळं लिहूनच टाकते. वाकळ म्हंजे तुमच्या पुण्याकडची गोधडी, आमच्या शेजारच्या कन्नड बायका तिला कौदी म्हणतात, जुन्या सुती साड्यांचे थर एकावर एक घालून हातानं धावदोरा घातलेलं पांघरूण. पूर्वी सुग्गी, म्हंजे पिकाची काढणी, आटपली की गल्लीतल्या चौघी-पाचजणी एकीच्या सोप्यात (ओसरीत) बसायच्या आणि आठ-पंधरा दिवसात तिची वाकळ उरकून दुसरीच्या घरी जायच्या. आता आमच्यातली कुणी वडगावात, कुणी खानापुरात, दोघी निपाणीला, एक लग्न होऊन चंदगडला तर एक गडहिंग्लजला, एका सोप्यात बसायचं म्हटलं तर कधी जमायचं? म्हणून भिशीसारखं करायचं ठरवलं, फक्त पैशाच्या जागी कापडाचे चौकोन.

हिशोब असा. बारा जणी, बारा महिने. दर महिन्याला जिचा नंबर असेल तिच्यासाठी प्रत्येकीनं दोन चौकोन शिवायचे, नंबरवालीनं पण स्वतःचे दोन शिवायचे, म्हंजे चोवीस झाले. शिवून झाल्यावर एक चौकोन बारा इंचाचा. आडवे चार आणि उभे सहा लावले की चार फूट बाय सहा फुटाची एका माणसाची वाकळ होते. आठच जणी असाल तर तीन-तीन शिवा, सहा असाल तर चार-चार, चोवीसचा मेळ बसतो. बाराच्या वर मात्र घेऊ नका, वर्षाच्या पुढं गेलं की जीव लागत नाही, जास्त जणी असल्या तर दुसरा गट करा.

नंबराच्या चिठ्ठ्या पहिल्याच दिवशी सगळ्या वर्षाच्या काढायच्या. दर महिन्याला काढण्यात मजा येते हे खरं, पण आपला नंबर आधी माहीत असला की ती बाई कुठले रंग पाहिजेत ते ठरवते, खालच्या थराची साडी बाजूला काढून ठेवते, दोऱ्याची रिळं आणते. आणि जी हिशोबाची वही ठेवणार तिनं चिठ्ठी न काढता शेवटचा नंबर घ्यायचा. भिशीत जे होतं ते इथं पण होतं, स्वतःची मिळाली की पुढच्या महिन्यापासून हात ढिला पडतो. त्याला आम्ही उपाय काढला तो म्हंजे ठेव, सुरुवातीलाच प्रत्येकीनं दोन साधे चौकोन वहीवालीकडं जमा करायचे, एखादीला आजारपण, बाळंतपण, घरात लग्न असं काही आलं तर तिच्या नावचे ते दोन वापरायचे, नंतर तिनं सवडीनं भरून द्यायचे. यामुळं कुणाला "तुझं राहिलंय" म्हणून टोचायची पाळी येत नाही.

आता माप. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळं इथंच बिघडतं. पहिल्या महिन्यात मी फोनवर फक्त "बारा इंच" असं सांगितलं आणि आलेल्या चोवीसातले नऊ चौकोन चुकले. कुणी बारा इंच कापून शिवले ते अकरावर आले, कुणी टेप ओढून धरलेला, एका काकींनी वितीनं मोजलेलं. चूक सांगणाऱ्याची होती, त्यांची नव्हे. तर बारा इंचाचा चौकोन पाहिजे असेल तर कापायचा तेरा इंच, चारी बाजूनं अर्धा-अर्धा इंच माया, म्हंजे शिवणीत जाणारं कापड, धरून. आणि तुम्हाला वाटेल एवढं काय त्यात, पण एका चौकोनात फक्त पाव इंच कमी पडलं तरी सहा चौकोनांच्या लांबीत दीड इंच जातो, मग शेजारची रांग लांब, ही आखूड, मधे चुण्या.

म्हणून आम्ही जाड पुठ्ठ्याचा तेरा इंचाचा फर्मा केला, त्याच्या आत बारा इंचाची रेघ मारली आणि प्रत्येकीला एक-एक पाठवला. बाराही फर्मे पहिल्या एकाच फर्म्यावरनं आखायचे. दुसऱ्यावरनं तिसरा, तिसऱ्यावरनं चौथा असं केलं की पेन्सिलीची जाडी दर वेळी वाढत जाते आणि शेवटचीचा फर्मा मोठाच होतो. फर्म्याचा फोटो तर अजिबात पाठवू नका, फोटोवरनं माप येत नाही. फर्म्यावर एक बाण काढा, तो कापडाच्या उभ्या धाग्याला धरायचा, उरेबी, म्हंजे तिरका, कापलेला चौकोन हातात घेतल्या-घेतल्या ताणतो आणि चौकोन राहतच नाही. आमच्यात दोघी-तिघींना मराठी वाचता येत नाही, कन्नड शाळेतल्या, म्हणून फर्म्यावर अक्षरं कमी आणि खुणाच जास्त काढल्यात, बाण, आतली रेघ आणि कोपऱ्यात कात्रीचं चित्र. कुणाला काही विचारावं लागत नाही.

तरीसुद्धा एखादा चुकून येणारच. लहान आला तर परत पाठवू नका, चारी बाजूनं काठाची पट्टी जोडायची आणि मग फर्मा ठेवून तेराला कापायचं, उलट दिसायला छानच दिसतो. मोठा आला तर कापायच्या आधी बघा की मधली नक्षी एका बाजूला सरकत नाही ना.

कापड फक्त सुती. जॉर्जेट, नायलॉन, पॉलिस्टर कितीही सुंदर असलं तरी नको, थरात ते घसरतं, धुतल्यावर गोळा होतं आणि घाम शोषत नाही. ओळखू येत नसेल तर काठाचा एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरून ताटलीवर पेटवा, सुती असला तर कागदासारखा जळून राख होतो, नायलॉन-पॉलिस्टरचा असला तर वितळून कडक मणी होतो. इलकलच्या साडीचं अंग सुती असलं तरी पदराचा भाग बऱ्याचदा रेशमाचा असतो, त्यामुळं पदराचा तुकडा आणि अंगाचा तुकडा धुतल्यावर सारखे आळत नाहीत, पदर वापरायचा तर मागं पातळ सुती अस्तर घालून. गुळेदगुड्डचा खण चारी कोपऱ्यात लई खुलतो, पण तोंडाजवळ येईल असा लावू नका, गालाला टोचतो. साडी उजेडात आडवी धरून बघा, जिथं विरलीय तिथला भाग वर नको, मधल्या थरात घाला. काठ मात्र फेकायचा नाही, साडी विरली तरी काठ टिकतो, त्याचाच शेवटी गोट, म्हंजे कडेची पट्टी, लावायचा.

कुठलंही कापड कापायच्या आधी धुवायचं, नवं असलं तरी. लाल, जांभळ्या, गर्द हिरव्या रंगाची ओली चिंधी पांढऱ्या कपड्यावर दाबून बघा, रंग लागला तर ते कापड परत-परत धुवा, तरी जात राहिला तर मन घट्ट करून बाजूला ठेवा, एका चौकोनापायी दुसऱ्या तेवीस चौकोनांचे रंग खराब होतात.

एक गोष्ट माझ्या आत्तीनं शिकवली ती सांगितलीच पाहिजे. आमच्यातल्या एकीनं आई गेल्यावर तिचं लुगडं वाकळीला दिलं, अख्खंच्या अख्खं पाठवलं, म्हणाली तुम्हीच कापा. मी कात्री घेतली आणि आत्तीनं हात धरला, "तिच्या आईचं लुगडं हाय गं, तिला बोलावून घे." तिला बोलावलं. ती आली, अर्धा तास लुगडं नुसतं मांडीवर घेऊन बसली, मग एक-एक तुकडा स्वतः कापला, पदराचा एक हात भरेल एवढा भाग परत घरी घेऊन गेली. तेव्हापासून नियमच आहे, गेलेल्या माणसाच्या कपड्याला कात्री घरच्याच माणसानं लावायची, आणि त्यातला थोडा भाग न कापता परत घरी जायलाच पाहिजे. वहीत पण लिहून ठेवायचं की कुठला चौकोन कुणाच्या साडीचा. तुम्ही बाकी माझं काही ऐकलं नाही तरी चालेल, एवढं ऐका.

पार्सलचं. चौकोन घडी करून नाही, गुंडाळी करून पाठवायचे, चुण्या पडत नाहीत, आणि आत प्लॅस्टिकची पिशवी घालायचीच, आमच्याकडं जूनपासून पावसाचं काय सांगावं, खानापूर-जांबोटी भागात तर कपाटातलं कापड सुद्धा दमट होतं. दर महिन्याची शेवटची तारीख वीस ठेवा, तीस नको. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर काही झालं की दोन्हीकडच्या एसटी थांबतात, डिसेंबर २०२२ मध्ये थांबल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये परत थांबल्या, एसटीनं येणाऱ्या माणसाच्या हाती द्यायचं ठरवलेलं असतं आणि माणूसच येऊ शकत नाही. दहा दिवस हातात असले की पोस्टानं पाठवता येतं. सीमेपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजच्या मैत्रिणी तर दोन-दोन महिन्यांचे चौकोन एकदमच देऊन ठेवतात.

चोवीस जमले की ते जमिनीवर मांडून बघायचे, दोन दिवस तसेच ठेवले तरी चालेल, जाता-येता नजर जाते आणि कुठला कुठं पाहिजे ते कळतं. मग चार-चारच्या सहा रांगा मशीनवर जोडायच्या, एका रांगेची माया इस्त्रीनं डावीकडं दाबायची, दुसऱ्या रांगेची उजवीकडं, म्हंजे रांगा एकमेकीला जोडताना कोपरे अचूक बसतात आणि सुईखाली गठ्ठा येत नाही.

खालच्या थराला एक सहावारी पुरते. तिचे ऐंशी इंचाचे दोन तुकडे कापून लांबीच्या बाजूनं एकमेकाला जोडायचे, रुंदीला जास्तीचं होईल ते कापायचं पण चारी बाजूनं दोन इंच मोकळं राहू दे. मधे दोन किंवा तीन जुन्या साड्यांचे थर, त्याहून जास्त घातले तर सुई जात नाही आणि धुताना उचलत नाही. आधी खालचा थर जमिनीवर ताणून कोपऱ्यांना वरवंटा नाहीतर दगड ठेवायचे, मग एक-एक थर हातानं मधून बाहेर सपाट करत घालायचा, सगळ्यात वर जोडलेले चौकोन. वीत-वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घालून घ्या. कच्चे टाके घालायचा कंटाळा येतो, कळतं मला, पण ते चुकवलं की वाकळीच्या मधे फुगा येतो तो शेवटपर्यंत जात नाही.

सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची, दोरा सुती, एका वेळी दीड हाताहून लांब घेऊ नका, गुंता होतो. मेणबत्तीवर एकदा ओढून घेतला की सरकतो छान. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हंजे सुई ढकलायची टोपी, घाला. एक-एक इंचावर उभ्या ओळी घातल्या तर अठ्ठेचाळीस ओळी गुणिले सहा फूट, साधारण अठ्ठ्याऐंशी मीटर, दोरा दुहेरी घेतला तर त्याच्या दुप्पट, टाक्यात आणि गाठीत जाणारा धरून दोनशे मीटर आणून ठेवा. अर्धा-अर्धा इंचावर घालणार असाल तर चारशे. सगळी रिळं एकदमच घ्या, नंतर तोच रंग मिळत नाही.

या टाक्यांच्या कामाला शक्य असेल तर दोन दिवस सगळ्यांनी एकत्र यावं, मार्च ते मे या दिवसात. चारी बाजूनं बसायचं आणि आपापल्या पुढ्यात घालत जायचं. कुणाचा टाका बारीक पडेल, कुणाचा लांब, कुणाचा जरा वाकडा, तो उसवायचा नाही. मी मापाबद्दल एवढी कडक आहे, पण टाक्याबद्दल मुळीच नाही. माझ्याकडच्या वाकळीत एका कोपऱ्यात बोटभर लांबीचे टाके आहेत, ते निपाणीच्या काकींचे, त्यांना डोळ्याला कमी दिसतं आणि तरी त्या दोन दिवस बसल्या, पांघरताना हात तिथंच जातो माझा.

आणि ज्यांच्या सगळ्या जणी एकाच गावात आहेत त्यांनी फर्म्याच्या भानगडीत पडूच नये. सिद्दी बायकांची कवंदी, म्हंजे त्यांची वाकळ, बघा, हल्याळ-यल्लापूरकडं आणि आपल्या खानापूर तालुक्यात पण सिद्दी समाज आहे, त्या कडेपासून सुरू करतात, हाताला येईल तो तुकडा कडा दुमडून ठेवायचा आणि धावदोरा घालत गोल-गोल मध्यापर्यंत जायचं, जोडकाम आणि टाके एकदमच होतात, आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या तिकोनी तुकड्यांची फुलं लावतात. त्याला माप लागत नाही, पण सगळ्या एका जागी बसलेल्या लागतात.

टाके झाले की कडा सरळ कापून काठाचा गोट लावायचा, कच्चे टाके काढायचे. पहिली धुणी थंड पाण्यात, दुसऱ्या कपड्यांत न मिसळता, पिळायची नाही. पूर्वी मलप्रभेवर नाहीतर हिरण्यकेशीवर दोघी-दोघी जाऊन दोन टोकं धरायच्या, ओली वाकळ एकटीला उचलत नाही, घरी धुताना पण कुणाला तरी हाताशी घ्या आणि दोरीवर न टाकता दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा. मागच्या बाजूला एका कोपऱ्यात पांढऱ्या कापडाची पट्टी शिवून तिच्यावर साखळी टाक्यानं बाराही जणींची नावं आणि साल घाला, पेननं लिहिलेलं दोन धुण्यात जातं. ज्या साड्या गेलेल्या माणसांच्या आहेत त्यांची नावं त्याच पट्टीवर खाली, वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं.