पुण्याहून जुना आयफोन येतोय, त्याआधी

पुण्यातलं लेकरू नवा फोन घेतं आणि त्याचा जुना आयफोन दिवाळीत गावाकडं येतो. लातूर, अंबाजोगाई, परळी भागात हे आता घरोघरी चालतं. घेणारे वडील किंवा काका वर्षानुवर्षं अँड्रॉइडवर हात बसलेले, आणि फोन हातात पडला की त्याच संध्याकाळी जुन्यातलं सिम काढून नव्यात घालायची घाई. तेवढं करू नका. कामं फार नाहीत, पण क्रम चुकला की चार दिवस जातात. पहिलं काम तर फोन पुण्यात असतानाच उरकायचं.

लेकराला सांगा, स्वतःच्या ॲपल अकाउंटमधून बाहेर पड, 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद कर आणि फोन पूर्ण पुसून पाठव. हे राहिलं तर इथं फोन त्याचाच पासवर्ड मागत बसेल. "माझंच अकाउंट राहू द्या बाबा, काय होतंय" असं तो म्हणेल. नाही म्हणा. एकाच अकाउंटवर दोघांचे फोटो आणि नंबर एकत्र होतात, मोंढ्यातला आडत्या त्याच्या यादीत आणि त्याचा मॅनेजर तुमच्या यादीत. बॅटरी हेल्थ, म्हणजे बॅटरीत उरलेला दम, 80 टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरीही तिकडूनच बदलून येऊ द्या. चार्जिंगची केबल सोबत हवीच, कारण टाइप-सी फक्त आयफोन 15 पासून पुढं आहे. त्याआधीच्या फोनला घरातली एकही केबल बसायची नाही.

मग सिम. आपल्याकडं घरात एका कंपनीची रेंज आणि शेतात दुसरीची, म्हणून दोन सिम असतातच. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक आयफोनला सिमकार्डाची जागा एकच; दुसरा नंबर ई-सिम (कार्डाशिवायचं, फोनमध्येच असणारं सिम) करावा लागतो, तोही 2018 च्या एक्सएस, एक्सआरपासून पुढच्या फोनवर. कोणता नंबर ई-सिम करायचा? बँकेला जोडलेला सोडून दुसरा. सिम बदललं की सुरक्षेसाठी 24 तास मेसेज बंद ठेवतात, आणि बँकेचा ओटीपी मेसेजवरच येतो. शिवाय काही अडलं तर बँकेच्या नंबरचं सिमकार्ड काढून जुन्या फोनमध्ये परत घालता येतं, ई-सिमचं तसं होत नाही.

जुन्या फोनवरचं एकेक ॲप बघत त्याचं नाव कुणाच्या तरी आयफोनवर ॲप स्टोअरमध्ये शोधा. बँक आणि वीजबिल लगेच सापडेल. ई-पीक पाहणी, पीकविमा, गावातल्या पतसंस्थेचं ॲप मात्र आधी बघूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल टाकून सुरू केलेलं काही असेल तर ते आयफोनवर चालणार नाही. (लग्नपत्रिकेच्या नावाखाली येणाऱ्या फसव्या एपीकेही चालणार नाहीत, हा फायदाच.)

नंबर तपासताना 'वायरमन', 'बोअरवाला', 'ट्रॅक्टर रोटा' अशी दोन-चार नावं उघडा आणि ती कुठं सेव्ह आहेत ते बघा. गुगल असेल तर चिंता नाही. सिम किंवा फोन दिसलं तर आधी सगळी गुगलवर घ्या. मेमरी कार्ड वेगळं प्रकरण आहे. आयफोनला मेमरी कार्डाची जागाच नाही, आणि अँड्रॉइडवरून आयफोनवर नंबर-फोटो हलवणारं 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप एमपी3 गाणी घेत नाही. सप्ताहातली कीर्तनं, भारुडं, कुणाच्या लग्नातली सनई, हे सगळं त्या कार्डावर असतं आणि कुणाच्या लक्षातही नसतं. कार्ड कॉम्प्युटरला लावून आधी त्याची एक प्रत काढून ठेवा.

व्हॉट्सॲपचं काम सगळ्यात नाजूक. गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर उघडत नाही. जुन्या गप्पा आणायच्या तर 'मूव्ह टू आयओएस'मधूनच, आणि तेही आयफोन नुकताच पुसलेला, 'हॅलो' दाखवत असताना. आधी चालू करून बघितला असेल तर पुन्हा पुसावा लागेल. दोन्ही फोन चार्जिंगला, नंबर तोच. दोघांना एकच वायफाय लागतं. घरी नसेल तर अँड्रॉइड आयफोननं काढलेल्या वायफायला जोडा. काम चालू असताना जुन्या फोनवर दुसरं काही उघडायचं नाही, कुणाचा फोन आला तरी उचलायचा नाही. लाईट कधी जाते हे तुम्हाला पाठ असेलच, त्यातली भरवशाची वेळ धरा.

यूपीआय शेवटी. नंबर तुमचाच आहे हे पडताळायला अँड्रॉइडवर ॲप स्वतःच मेसेज पाठवतं. आयफोनवर मेसेजची खिडकी उघडते, आत काहीतरी अगम्य अक्षरं, आणि पाठवायचं बटण आपण दाबायचं असतं. ती अक्षरं बघून बरेच जण घाबरून मागं येतात. दाबा, पण मेसेज बँकेला जोडलेल्या नंबरवरूनच चाललाय ना हे आधी बघा, आणि त्या सिमवर मेसेज पाठवण्यापुरता रिचार्ज ठेवा. पिन जुनाच चालतो. फोन बदलला की पहिले 24 तास बऱ्याच बँका 5,000 रुपयांपर्यंतच पैसे पाठवू देतात, आयफोनवर काही बँका ही मर्यादा 72 तास ठेवतात. म्हणून पेरणीच्या तोंडावर, बी-बियाणं आणि खताची खरेदी डोक्यावर असताना हा बदल नकोच. सोयाबीनची पट्टी हातात येऊन देणी-घेणी फिटल्यावर निवांत करा. तोवर खिशात थोडी रोकड असू द्या.

जुना फोन लगेच कुणाला देऊ नका. जे ॲप आयफोनवर सापडलं नाही ते त्याच्यावर चालू द्या. पुढं द्यायचा ठरला तर आधी त्यातलं गुगल अकाउंट काढा, मग रिसेट करा. उलटं केलं तर घेणाऱ्याला फोन तुमचा पासवर्ड मागू शकतो, आणि तो विचारायला तुमच्याच दारात येईल.